नदी दिसणारे घर

पुण्यात कोणाला सांगितले की, आम्ही उभयता ऑस्ट्रेलियाला दोन महिने राहून आलो, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सिडनीला का?" आणि आपण "नाही, ब्रिस्बेनला" असे म्हणालो की, काश्मीरला म्हणून निघून पठाणकोटहून परत आलेल्या माणसाकडे पाहावे तसा तो आपल्याकडे पाहतो. अपवाद फक्त क्रिकेटवेड्यांचा. त्यांना ब्रिस्बेन म्हणजे गॅबाचे मैदान आणि गॅबा म्हणजे जानेवारी २०२१ मधला तो कसोटी सामना एवढे पक्के ठाऊक असते. पण खरे सांगायचे तर आम्ही गेलो होतो ते ना शहर पाहायला, ना मैदान. आम्ही गेलो होतो घर पाहायला.

आमची लेक आणि जावई तिथे दहा वर्षे भाड्याच्या घरात राहत होते. २०२४ च्या श्रावणात तिचा फोन आला, "बाबा, आता घर घ्यायचं म्हणतोय. तुम्ही आणि आई एकदा येऊन बघाल का? तुम्ही 'हो' म्हणाल्याशिवाय सही करायची नाही, असं ठरवलंय आम्ही." नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यातल्या हिश्शाचे पैसे नुकतेच हाती आले होते, त्यातले काही तिला द्यावेत असे माझ्या मनात होते. तेव्हा दसरा आटोपून आम्ही निघालो. सामानात चकलीची भाजणी, मेतकूट, पणत्या आणि आमच्या सौ.ची पोळपाट-लाटण्याची जोडी. ती तिथेही मिळते हे तिला कोणी सांगू शकले नाही.

ब्रिस्बेन ही क्वीन्सलंड राज्याची राजधानी. शहर आणि भोवतालची उपनगरे मिळून पंचवीस लाखांहून अधिक वस्ती. विषुववृत्ताच्या उत्तरेला आपले लखनौ जेवढे दूर, जवळजवळ तेवढेच दक्षिणेला हे शहर. फक्त सगळे उलटे. आपली दिवाळी थंडीची वर्दी घेऊन येते, तर तिथली उन्हाळ्याची. उन्हाळा दमट आणि पावसाचा, हिवाळा कोरडा आणि लोभस. स्वेटर घालून गेलेली आमची सौ. विमानतळाच्या दारातच म्हणाली, "अहो, ही तर कोकणातली हवा!"

हवाच काय, झाडेही आपलीच. कुणाच्या अंगणात आंबा, कुणाच्या कुंपणावर बोगनवेल, कोपऱ्याकोपऱ्यावर देवचाफा आणि रस्त्याच्या कडेला गुलमोहर. मोरेटन बे फिग नावाचे एक अवाढव्य झाड दिसले, ते आपल्या वडाचे सख्खे भाऊबंद. पण ऑक्टोबरात या सर्वांवर मात करतो तो जॅकरंडा. पाने नसलेल्या झाडावर नुसती निळी-जांभळी फुले, आणि खाली तशाच रंगाचा सडा. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. ब्रिस्बेनमधला पहिला जॅकरंडा वॉल्टर हिल यांनी १८६४ मध्ये नदीकाठच्या सरकारी बागेत लावला. तो १९७९ च्या वादळात पडला, परंतु गॉडफ्रे रिव्हर्स यांनी १९०३ मध्ये काढलेल्या चित्रात तो अजून फुललेला आहे. ते चित्र तिथल्या कलादालनात आहे. विद्यार्थ्यांना मात्र या फुलांचा धसका, कारण ती फुलली की परीक्षा आल्या!

शहराच्या मध्यभागी रस्त्यांची नावे मोठी मजेदार आहेत. एका दिशेने जाणारे सगळे रस्ते राजघराण्यातल्या बायकांचे : अ‍ॅन, अ‍ॅडलेड, एलिझाबेथ, शार्लट, मेरी, मार्गारेट, अ‍ॅलिस. त्यांना छेदणारे पुरुषांचे : विल्यम, जॉर्ज, अल्बर्ट, एडवर्ड. रस्ता चुकलात तर समोरची पाटी बाईची की बुवाची एवढे पाहिले की दिशा कळते. जावईबापूंनी हे सांगितल्यापासून सौ. एकदाही चुकली नाही. मी दोनदा चुकलो.

पण या शहराची खरी राणी म्हणजे नदी. नदीचे नावही ब्रिस्बेनच. डोंगरांतून येताना ती शहरात शिरते आणि मग जणू तिला पुढे जाण्याचे जिवावर येते. एक वळण, दुसरे वळण, तिसरे वळण. पाहुणा उंबऱ्यापर्यंत येऊन पुन्हा गप्पांना बसावा तशी ती घोटाळत राहते आणि मग मोरेटनच्या उपसागराला मिळते. समुद्राची भरती तिच्यात शहराच्याही कितीतरी वर चढते. त्यामुळे सकाळी पाणी उलट्या दिशेने चाललेले पाहून माझा गोंधळ उडाला होता.

या पाण्यावरून १९९६ पासून निळ्या-पांढऱ्या, दोन तळांच्या बोटी धावतात. आमच्या मुक्कामात बस, आगगाडी नि बोट, कशातही बसा, भाडे अर्धा डॉलर. मी पेन्शनर माणूस. रोज सकाळी उठून नातीला शाळेत सोडायचे आणि बोटीत बसायचे, हा माझा परिपाठच झाला. विद्यापीठापाशी बसावे, एकेक वळण घेत साउथ बँकच्या बागा पाहाव्यात. १९८८ चे जागतिक प्रदर्शन भरले ते याच जागेवर, आणि त्या वेळचा लाकडी कोरीवकामाचा नेपाळी पॅगोडा अजून तिथे आहे. पुढे १९४० मध्ये खुला झालेला पोलादी स्टोरी पूल डोक्यावरून सरकतो. त्याचे काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले ते ब्रॅडफील्ड सिडनीच्या सुप्रसिद्ध पुलाशीही निगडित होते. म्हणजे सिडनी अगदीच पाहिली नाही असे नाही!

या गावाचा जन्म मात्र काही शुभमुहूर्तावर झालेला नाही. १८२३ मध्ये जॉन ऑक्सले हा सर्वेक्षक या नदीत शिरला. तिचा पत्ता त्याला सांगितला तो वादळात भरकटलेल्या काही लाकूडतोड्यांनी. आणि त्यांना महिनोन्महिने खाऊपिऊ घालून जगवले होते इथल्या मूळ रहिवाशांनी. टुर्बल आणि जगेरा हे ते लोक. या जागेला ते मियांजिन म्हणत. उपकाराची फेड अशी झाली की, १८२५ मध्ये नदीकाठी अट्टल कैद्यांची वसाहत आली, १८४२ मध्ये इतर गोऱ्यांना वाट मोकळी झाली, १८५९ मध्ये क्वीन्सलंड वेगळे होऊन हे गाव राजधानी बनले, आणि मूळ रहिवाशांना संध्याकाळनंतर गावाच्या हद्दीत थांबायला बंदी झाली. ज्या रस्त्यांवरून ती हद्द जाई त्यांची नावे आजही 'बाउंडरी स्ट्रीट' अशीच आहेत. टेकडीवर कैद्यांनी १८२८ मध्ये बांधलेली पवनचक्की उभी आहे. वारा पडला की कैद्यांनाच पायचक्कीवर चालवून दळण दळत. नातीने विचारले, "आजोबा, त्यांना पीठ मिळायचं का?" मला उत्तर देता आले नाही.

असो. घराकडे वळतो.

लेकीने आणि जावयाने जे घर मनात धरले होते, ते नदीला अगदी लागून होते. तिथली जुनी घरे लाकडाची असतात. जमिनीपासून पुरुषभर उंच खांबांवर उभी, वर पन्हाळी पत्रा, आणि पुढे-मागे रुंद व्हरांडा. खालून वारा खेळतो, वाळवीवर नजर ठेवता येते, आणि पावसाळ्यात कपडे वाळतात. हे घर तसेच; फक्त मालकाने खालची मोकळी जागा भिंती घालून बंद केली होती आणि तिथे दोन नव्या खोल्या, न्हाणीघर, पांढराशुभ्र रंग. व्हरांड्यात उभे राहिले की समोर नदी, तिच्यावर वाकलेला जॅकरंडा आणि त्याखालून जाणारी बोट. सौ. तर तिथे तुळशीवृंदावन कुठे ठेवायचे तेही ठरवून मोकळी झाली. नात खालच्या खोलीत जाऊन म्हणाली, "आजी-आजोबा, ही तुमची!" लिलाव पुढच्या शनिवारी होता.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "घर छान आहे." एवढे म्हणून मी नदीकडे पाठ करून उभा राहिलो. सौ.ला ते बरोबर कळले. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात एवढे कळतेच.

शेजारच्या अंगणात ऐंशी ओलांडलेल्या एक बाई गुलाबाला पाणी घालीत होत्या. आम्हांला पाहून त्यांनी हात केला, आणि आम्ही घर पाहायला आलो आहोत हे कळताच "या, चहा घ्या" म्हणून आत नेले. माणसे तिथली तशी फार मोकळी. चहा झाल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघराच्या चौकटीवरची एक खाच दाखवली, कमरेएवढ्या उंचीवर. म्हणाल्या, "ही १९७४ ची. माझा थोरला मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा होता." मग त्यांनी मला घराखाली नेले. तिथे एका खांबावर, तक्तपोशीच्या जरा खाली, दुसरी खाच होती : २०११. त्याच खांबावर छातीएवढ्या उंचीवर तिसरी : २०२२. दोन खाचा नवऱ्याने पाडलेल्या, तिसरी त्यांनी स्वतः. "मी खाली भिंती घातल्या नाहीत," त्या म्हणाल्या, "पाणी येणारच. त्याला जायला वाट हवी."

वाटेत पूर्वी दोन-तीन रिकामे हिरवे तुकडे पाहिले होते. गवत, एखादे आंब्याचे झाड, आणि कुठेच न जाणाऱ्या दोन पायऱ्या. २०२२ च्या पुरानंतर सरकारने मालकांच्या राजीखुशीने काही घरे विकत घेऊन पाडली, त्या या जागा, हे तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी मी बोटीत बसलो तो नदीचे कौतुक करायला नव्हे, तिची कुंडली मांडायला. १८९३ च्या फेब्रुवारीत शहराच्या मोजपट्टीवर पाणी ८.३५ मीटरपर्यंत चढले होते. वरच्या अंगाला क्रोहॅमहर्स्ट येथे एका दिवसात ९०७ मिलिमीटर पाऊस पडला होता. पुण्यात वर्षभरातही एवढा पडेल याची खात्री नाही! व्हिक्टोरिया पूल वाहून गेला. 'पलुमा' नावाची लढाऊ बोट पाण्याने उचलून थेट बागेत नेऊन ठेवली. आणि ती आता काढायची कशी, या विचारात सरकार असताना त्याच महिन्यात पुन्हा आलेल्या पुराने ती उचलून नदीत परत दिली. पुढे जानेवारी १९७४ मध्ये पाणी ५.४५ मीटर चढले. मग वर व्हिवन्हो धरण बांधले गेले आणि १९८० नंतरच्या दशकात पुरे झाले. लोक म्हणू लागले, आता पूर गेला. नदीकाठच्या जमिनीचे भाव चढले, खांबांमध्ये भिंती आल्या, खोल्या झाल्या. आणि १३ जानेवारी २०११ रोजी पाणी ४.४६ मीटरवर आले. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी ३.८५ मीटरवर.

धरण खोटे नव्हते. त्याने पुष्कळ पाणी अडवले. पण लॉकियर आणि ब्रेमर हे दोन मोठे प्रवाह धरणाच्या खालच्या अंगाला नदीला मिळतात. त्यांचे पाणी ते कसे अडवणार? धरण नदीला बांध घालू शकते; माणसाच्या विसराळूपणाला नाही.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही गच्चीत बसलो होतो. लेक म्हणाली, "बाबा, काय ते एकदा बोलून टाका."

वाचकांपैकी जे माझ्या वयाचे पुणेकर आहेत त्यांना १२ जुलै १९६१ हा दिवस सांगावा लागत नाही. मी दहा वर्षांचा होतो. पानशेतचे नवे मातीचे धरण खचते आहे, अशी कुजबुज होती, आणि तितक्याच जोराने 'ही अफवा आहे' असेही लोक सांगत होते. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचरचून ते धरण धरून ठेवले, म्हणून पाणी दिवसा आले. रात्री आले असते तर हे लिहायला मी नसतो. सकाळी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण गेले. आईने आम्हा तिघा भावंडांना पर्वतीवर नेले. वडील मागे राहिले, कारण वाड्याच्या तळमजल्यावर त्यांचा छोटा छापखाना होता : एक ट्रेडल, खिळ्यांच्या केसी आणि एका दिवाळी अंकाचे नुकतेच मिळालेले काम. संध्याकाळपर्यंत वडील जिवंत आहेत की नाहीत हे आम्हांला ठाऊक नव्हते. ते शेजारच्या माडीवर चढले होते. रात्री पर्वतीच्या पायथ्याशी आले तेव्हा त्यांच्या अंगावर सदरा नव्हता, आणि ते काही बोलत नव्हते.

पाणी ओसरल्यावर लाकडी केसी कुठच्या कुठे गेल्या होत्या. पण शिशाचे खिळे जड, ते तळाशी बसले. वडील आणि मी गुडघाभर चिखलात बसून खिळे वेचीत असू. घमेल्यात घेऊन धुवायचे आणि फडक्यावर वाळत घालायचे. दिवाळीपर्यंत आम्ही खिळे वेचत होतो. निवडून लावले, तर एकही अक्षर पुरते भरेना. त्या दिवाळीनंतर वडिलांनी छापखाना मोडीत काढला आणि दुसऱ्याच्या छापखान्यात नोकरी धरली. त्यांतला एक खिळा, 'ज्ञ'चा, मी ठेवून घेतला होता. तो माझ्या कपाटात अजून आहे.

मी थांबलो. लेक म्हणाली, "तो मला माहीत आहे. मी सात वर्षांची असताना खेळायला घेतला होता, आणि तुम्ही मला थोबाडीत मारलीत. आयुष्यात तेवढी एकदाच. का ते कधी सांगितलं नाहीत."

ते मी कोणालाच सांगितले नव्हते. सौ.सुद्धा माझ्याकडे पाहतच राहिली.

थोड्या वेळाने लेक हळूच म्हणाली, "पण बाबा, एक विचारू? त्यानंतर आपण पन्नास-साठ वर्षं त्याच वाड्यात राहिलो. नदी तर तिथंच होती."

हे मात्र खरे होते. वाडा पुन्हा बांधून काढला, गिलावा केला, पुराची रेघ त्या गिलाव्याखाली गेली. पुढे मुठेच्या काठाने एकेक करून काय काय उभे राहिले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. दुसऱ्याच्या गावाला विसराळू म्हणण्याचा अधिकार आम्हां पुणेकरांना फारसा नाही. मी म्हणालो, "नदीकाठी राहू नकोस असं मी म्हणत नाही. नदीकाठी माणसं राहणारच. पण खाच कुठं आहे ते बघून राहा."

जावईबापू उठून आतून संगणक घेऊन आले. तिथल्या नगरपालिकेची सोय अशी की, घराचा पत्ता घातला की त्या जागेला पुराचा धोका किती, पूर्वी पाणी कुठवर आले होते, हे कोणालाही फुकट पाहता येते. त्यांनी पत्ता घातला. नकाशा निळा झाला. ते म्हणाले, "बाबा, हे आम्ही महिन्यापूर्वीच पाहिलं होतं. पण घर इतकं आवडलं होतं, की पाहून न पाहिल्यासारखं केलं." नकाशा सगळे सांगतो, पण चौकटीवरच्या खाचेला हात लावल्याशिवाय ते पटत नाही.

शनिवारच्या लिलावाला कोणी गेले नाही. नात दोन दिवस रुसून होती. पुढचे तीन आठवडे आम्ही घरे पाहत हिंडलो, आणि शेवटी त्याच वस्तीत, टेकाडावर दोन गल्ल्या वर, एक लहानसे घर मिळाले. तेही खांबांवरच, पण खाली मोकळे. एक खोली कमी, रंग उडालेला, पत्रा जुना. व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात उभे राहून मान जरा वाकडी केली की दोन झाडांच्या फटीतून बोटभर नदी दिसते. सौ. म्हणाली, "पुरे तेवढी. रोज कोण एवढं टक लावून बघणार आहे?" मी 'हो' म्हटले, आणि सही झाली.

दिवाळी आधीच्या भाड्याच्या घरातच झाली. पणत्या लावल्या, तेव्हा वर झाडात मोठमोठी वटवाघळे ओरडत होती आणि रस्त्यावर जांभळा सडा होता. गुलाबवाल्या बाईंना फराळाला बोलावले होते. चकलीचा पहिला तुकडा मोडून त्यांनी विचारले, "हे करायला किती वेळ लागतो?" सौ.ने भाजणीपासून सुरुवात केली. तासाभराने लेकीने दुभाषेपणा सोडून दिला, तरी त्या दोघींचे चालूच होते.

आम्ही परत आलो. २०२५ च्या मार्चमध्ये बातमी आली की, 'आल्फ्रेड' नावाचे चक्रीवादळ ब्रिस्बेनकडे सरकते आहे. दोन रात्री मला झोप नव्हती. १० मार्चच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत त्या शहरात २७५ मिलिमीटर पाऊस पडला. एका दिवसात एवढा पाऊस तिथे १९७४ नंतर पडला नव्हता. तिथली वेळ आपल्यापुढे साडेचार तास. आमच्याकडे पहाटेचे चार वाजले होते तेव्हा मी फोन लावला.

"बाबा, आम्ही ठीक आहोत," लेक म्हणाली. "वीज गेलीय, पण घरात थेंब नाही. आजीबाईंना आम्ही परवाच वर आणलंय, त्यांच्या मांजरासकट. आताच सांगून पाठवलंय कुणी तरी, या वेळी पाणी त्यांच्या खांबांना शिवलंसुद्धा नाही. त्या म्हणतात, चौथी खाच पाडायला नको."

मी काही बोलणार, एवढ्यात सौ.ने फोन माझ्या हातातून घेतला.

"अगं, त्यांना उपमा चालतो का विचारलंस का? कढीपत्ता बाजूला काढून दे म्हणावं. मागच्या वेळी त्यांनी चावून खाल्ला होता."